आठ दातांचा रेडिओ

आमचे शेजारी हरिबा मिक्सर घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला, "ह्याची आई कशी व्हती?"

दुकानदार बारामतीचा, मुरलेला. त्याने निमूटपणे मागच्या वर्षीचं मॉडेल काढून पुढे ठेवलं. हरिबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, खालून उचलून वजनाचा अंदाज घेतला, आणि मगच नवा मिक्सर घरी आणला.

मी यादी करून जगणारी बाई. किराण्याची यादी, शाळेतल्या कामांची यादी, आणि कोणत्या याद्या करायच्या राहिल्या त्यांची एक यादी. त्यामुळे हरिबांची पद्धत कळायला मला दोन वर्षं लागली. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, सुप्याच्या माळावर. चाळिशीत ती विकून हरिबा बारामतीत आले, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, म्हणजे आत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान टाकलं आणि हौस म्हणून जुने रेडिओ दुरुस्त करू लागले. मेंढरं गेली, पारख राहिली. ती मग समोर येईल त्याच्यावर चालायची. सायकल, पंखा, माणूस, काहीही. नव्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मी विचारलं, "कसे आहेत?" तर म्हणाले, "अंगानं भरल्यालं हाय, पर डोळा सुस्त हाय."

त्या रेडिओची बातमी मीच आणली. चूक माझीच.

माझं माहेर कळंबचं. तिथे आमच्या शेजारी रशीदभाईंचं किराणा दुकान. त्यांच्या घरात वडिलांनी घेतलेला एक परदेशी रेडिओ होता. टेबलावर ठेवायचा नव्हे. जमिनीवर चार पायांवर उभा राहणारा, कंबरेएवढा, कपाटासारखा. वडील गेले आणि रेडिओही बंद पडला, त्याला बारा वर्षं झाली होती. आता त्याच्यावर लसणाची टोपली असायची. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावात केबल आली होती आणि रशीदभाईंनी रंगीत टीव्ही ठरवला होता. टीव्ही सोमवारी येणार. तोवर रेडिओ कुणी नेला नाही, तर सुतार त्याचं कोंबड्यांचं खुराडं करून देणार होता.

"खुराडं?" हरिबांच्या हातातली पक्कड तशीच राहिली. "जित्या जनावराचं?"

मी तिथेच यादी केली. घ्यावा : चार मुद्दे. घेऊ नये : अकरा मुद्दे. त्याचे व्हॉल्व्ह आता मिळत नाहीत. लाकडाला वाळवी आहे. हरिबा राहतात एकटे, एका खोलीत. रेडिओ आत आला तर खाट बाहेर जाईल. हरिबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाई, ह्यात चाल कुठं हाय?"

"कसली चाल?"

"जनावराची. चाल बघितल्याबिगर हो न्हाय आन् न्हाय बी न्हाय."

रविवारी सकाळी आम्ही एसटीने कळंबला गेलो. रशीदभाईंनी लसणाची टोपली उचलली. हरिबा लगेच जवळ गेले नाहीत. लांबूनच त्यांनी रेडिओभोवती एक चक्कर मारली, जणू तो बिचकून पळेल. मग उकिडवे बसले. रेडिओला पुढच्या बाजूला पांढऱ्या बटणांची रांग होती. जनावराचं वय ओळखायला दात तपासतात, तसं हरिबांनी एकेक बटण बोटाने दाबून, हलवून पाहिलं.

"आठ दाती. एक हलतोय. वय झालंय, पर म्हातारं न्हाय." मग खाली वाकून, "पायाला खरूज हाय."

"ती वाळवी आहे," मी म्हणाले.

"जनावराला खरूजच म्हंत्यात, बाई."

"ताई, हे दुरुस्तीवालेच हायेत ना?" रशीदभाईंनी मला हळूच विचारलं.

हरिबांनी पिशवीतून एक फळी काढली. तिच्यावर होल्डर आणि शंभराचा बल्ब. रेडिओला वीज थेट द्यायची नाही, या बल्बातून द्यायची. "बारा वरसं उपाशी हाय. एकदम पोटभर घातलं तर फुगून मरंल. आदी मूठभर."

त्यांनी खटका दाबला. बल्ब लख्ख पेटला, हळूहळू मंद झाला. रेडिओच्या काचेमागे पिवळसर उजेड आला. रशीदभाई एक पाऊल पुढे आले.

"खाल्लं!" हरिबा ओरडले.

आतून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. नुसतीच घुंऽऽऽ. गाणं नाही, बातम्या नाहीत, खरखरसुद्धा नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"रवंथ करतंय."

"हरिबा, तो वाजत नाहीये!"

"अनोळखी मानसाम्होरं जनावर वरडत नसतंय." ते उठले आणि धोतराची धूळ झटकली. "घ्यायचं."

माझ्या यादीतले अकरा मुद्दे त्या घुंऽऽऽमध्ये गेले. पण सौदा राहिला होता. रशीदभाईंनी किंमत तोंडाने सांगितली होती, आणि ती अगदी माफक होती. हरिबांना ते पसंत नव्हतं. जनावराची किंमत चारचौघांत बोलायची नसते. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून रशीदभाईंच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्यांची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात असाच सौदा होतो. किती बोटं धरली यावरून किंमत ठरते, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही.

रशीदभाईंना मात्र साखर आणि तूरडाळ विकायची सवय. त्यांना गुदगुल्या झाल्या. त्यांनी हात सोडवायला म्हणून अख्खा पंजा हरिबांच्या हातात दिला. हरिबा गंभीर झाले, विचारात पडले, आणि शेवटी मान डोलावून रुमाल उचलला.

"लई ताणलंत, भाई. पर झालं."

पैसे हातात आले तेव्हा रशीदभाई गोंधळले. "अवो, म्या तर ह्याच्या निम्मंच सांगितलं हुतं!"

"हरिबा, ऐका जरा," मी म्हणाले.

"रुमालाखालचं वर काढायचं न्हाय, बाई." विषय संपला.

दुपारी भाजीचा टेम्पो मिळाला. चौघांनी रेडिओ वर चढवला, गोणपाटात गुंडाळला. टेम्पोवाल्याने गाडी चालू केली, तेवढ्यात हरिबांनी पक्कड काढली आणि रेडिओची वायर मुळाजवळ कट्‌कन कापली. मी किंचाळलेच. ते पिनसकट वायरीची वळी करून खाली उतरले आणि ती रशीदभाईंच्या हातात दिली.

"हे काय?"

"दावं. जनावर जातं, दावं घरी ऱ्हातं. गोठा मोकळा वाटू नई म्हनून."

रशीदभाई हसले. "आमी आता ह्याला काय टीव्ही बांधू?" हसता हसता त्यांनी वळी उलगडली. पिनेजवळ वायर कधीतरी तुटली होती, आणि तिथे कुणीतरी काळी पट्टी अगदी निगुतीने, घट्ट गुंडाळली होती.

"अब्बांनी लावलीय," ते म्हणाले.

त्यांनी वायर पुन्हा गुंडाळली. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी आधी ती आतल्या खोलीत ठेवून आले.

टेम्पोत पुढच्या सीटवर टोमॅटोचे क्रेट होते, म्हणून मीही मागेच बसले आणि यादी काढली. बारावा मुद्दा वाढला होता : नवी वायर. रस्ता खराब होता. हरिबा रेडिओला टेकून बसले होते, एक हात त्याच्या पाठीवर. खड्डा आला की तोंडाने हलकेच चक्‌चक् करायचे. रागवायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं, पण विचारलं भलतंच.

"तुमची मेंढरं विकलीत, तेव्हा तुम्ही काय ठेवून घेतलंत?"

गोणपाट एका बाजूने घसरलं होतं, ते त्यांनी वर ओढून नीट खोचलं.

"मेंढराला दावं नसतंय, बाई."