अक्काच्या नावावरची गाडी

आमच्या ट्रकचं इंजिन तापलं की ताप माझ्या अक्काला भरतो. यात नवल काही नाही, सगळ्यांचं असंच असतं. गाडी नोंदवताना फॉर्मवर घरातल्या एका माणसाचं नाव द्यावं लागतं आणि त्या दिवसापासून इंजिन तापेल तसं ते माणूस तापतं. गाडीत ताप दाखवणारा काटा नसतो. फोन करून विचारायचं.

नाव द्यायची वेळ आली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना एकदम कामं आठवली. भावाला पित्त झालं, वहिनीला माहेरी जायचं होतं, माझी बायको तर रडायलाच बसली. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण अनुसया, चुलीपुढं भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घाल माझं नाव. तुझ्या कांजण्या मीच काढल्या, आता तुझी गाडीबी बघू."

अकरा वर्षं बरी गेली. मी चिपळूणहून जांभ्याचे चिरे भरून कुंभार्ली घाट चढायचो आणि इकडं पाटणजवळ आमच्या घरी अक्का थर्मामीटर घेऊन बसायची. फोन लावला की माझ्या आधी तीच बोलायची.

"शंभर झालाय. घाटाला लागलास जणू?"

"लागलो."

"पाणी बघ आधी. जिभेला कोरड पडलीय माझ्या."

उतरून बघावं तर रेडिएटरात खरंच पाणी कमी असायचं. लोक म्हणायचे, म्हादबा गाडी छान राखतो. मी कसली राखतोय डोंबलाची!

गेल्या माघात मात्र ताप एकशे चारवर गेला. फोन शेजारणीनं उचलला, म्हणाली अक्का बरळतेय. थांबत थांबत, पाणी घालत कशीबशी गाडी घाटमाथ्यावर कुंडलिक मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. कुंडलिकनं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. हात पुसून फोन घेतला आणि रीतसर चौकशी सुरू केली.

"अक्का, डोकं गरम आणि पाय गार, असं हाय का?"

"पाय बर्फ झाल्यात, बाबा."

"वारं घातल्यावर बरं वाटतं?"

"वाटतं, पर टिकत न्हाई."

त्यानं फोन माझ्याकडं दिला. "पंखा चांगला हाय, पाणीबी हाय. थर्मोस्टॅट मिटून बसलाय. पाणी वरच्या वर उकळतंय, खाली रेडिएटरात येईना."

थर्मोस्टॅट म्हणजे एक छोटी झडप. इंजिन गार असताना ती मिटलेली असते, म्हणजे ऊब आत राहते. तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडं सोडते.

"नवा बसव," मी म्हणालो.

"कशाला? ती थंड मुलखातली थेरं. या पट्ट्यातल्या शंभर गाड्यांचा मी काढून टाकलाय. एकाचीबी तक्रार न्हाई."

आणि मी शहाणा म्हणालो, "मग काढ."

त्यानं काढला आणि भंगाराच्या टिपाडात टाकला. दहा मिनिटांत अक्काचा फोन आला. "उतरला रे म्हादबा. अंग कसं हलकं झालं." मी आनंदानं कुंडलिकला चहा पाजला. गाढव मी, गाढव!

ताप परत आला नाही. चैत्रात अक्का शाल पांघरायला लागली, वैशाखात दोन गोधड्या. सत्त्याण्णव, मग पंच्याण्णव, मग चौऱ्याण्णव. चहाचा ग्लास ती दोन्ही हातांत धरून बसायची. हात काही गरम व्हायचे नाहीत, चहा मात्र लगेच गार व्हायचा. मला वाटलं, गाडी दारात उभी करून ठेवावी. ठेवली, तर अक्का आणखी गार पडली. झडपच नाही म्हटल्यावर तिची ऊब अडवणार कोण?

कुंडलिककडं गेलो. टिपाड रिकामं होतं. भंगार कधीच वितळायला गेलं होतं.

"त्या शंभर गाड्यांच्या माणसांचं काय झालं?" मी विचारलं.

"ती कशाला तक्रार करतील?" तो म्हणाला. "गपच असत्यात बिचारी."

नोंदणी कार्यालयात खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"थर्मोस्टॅट माणसाच्या नावानं मिळतो, दादा. जुना जमा करा, नवा देते."

"जुना वितळला."

"मग अवघड आहे."

"मग नाव तरी बदला. माझं घाला."

"बदलता येतं. त्यासाठी आधीच्या व्यक्तीचं तापमान साधारण असल्याचा दाखला लागतो."

"ते साधारण असतं तर मी इथं मरायला आलो असतो का, बाई?"

त्या रागावल्या नाहीत. "ताप जास्त असता तर तक्रार घेतली असती. गारव्यासाठी रकाना नाही," म्हणाल्या आणि मला बसायला खुर्ची दिली. त्या खुर्चीत बसून मी लहान पोरासारखा रडलो.

तेव्हापासून गाडी तापू नये म्हणून जे जे करतात, त्याच्या उलट करतो. रेडिएटरपुढं पुठ्ठा बांधलाय. पंख्याचा पट्टा काढलाय. चिरे क्षमतेपेक्षा जास्त भरतो आणि भर दुपारी, पहिल्या गिअरमध्ये घाट चढतो. मागचे हॉर्न मारतात, शिव्या देतात. देऊ देत.

आज सकाळी अक्का ब्याण्णववर होती. फोन शेजारणीनं तिच्या कानाशी धरून ठेवला होता. मी इंजिनाची घरघर ऐकत चढत राहिलो, एकेक वळण मोजत. बऱ्याच वेळानं अक्काचा आवाज आला.

"म्हादबा, बोटं हलाय लागली बघ."

"होय अक्का."

"जरा कोमट वाटतंय. बरं वाटतंय रे."

समोर माथ्यावरची चहाची टपरी दिसायला लागली होती. त्यापुढं नुसता उतार आहे.

"अजून चढ हाय का रे?" तिनं विचारलं.

"आहे अक्का," मी म्हणालो. "अजून लई आहे."