ओलखाऊ यंत्र माळ्यावर चढविल्याची हकीकत

श्रीवायुदेव प्रसन्न. वाळवणावर कृपादृष्टी ठेविणारा जो सूर्यनारायण, त्यास प्रथम नमन, आणि नमनानंतर हकीकत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, श्रावण मासी, खाडीकाठच्या एका राज्यात ओलीने बहुत धुमाकूळ मांडिला. राज्य म्हणावे तर एक बंगला, भोवती पोफळी, मागे खाडी. परंतु त्यात सरकार होते, राणीसाहेब होत्या, कारभारी होते, मग राज्य का म्हणू नये? तो समय कैसा? तर मीठ बरणीत पाणी होऊन बसे, आणि तळिला पापड पानात पडेतो मऊ होय, आणि शालूंस बुरशीची नक्षी चढे, आणि पुढील दार फुगून ऐसे अडले की उघडावयास लाथ आणि लावावयास खांदा लागे. हे सर्व राज्याने सोसिले असते. परंतु सरकारांच्या वडील भगिनी अक्कासाहेब, नाव सगुणाबाई, याच घरात जन्मल्या, यजमान वारलियावर याच घरात परतल्या, त्यांस दम्याची व्यथा. आणि त्या वर्षी ओल त्यांच्या छातीत उतरली, आणि बसल्या जागी श्वास सुंई सुंई वाजू लागला. मग राजवैद्य आले, नळी लाविली, भिंतीवरील काळे डाग पाहिले, आणि स्पष्ट बोलिले, "सरकार, या घरातून ओल तरी गेली पाहिजे, नाहीतर अक्कासाहेब तरी. घटस्थापनेपर्यंत वाट पाहू. पुढं यांना घाटावर कोरड्या हवेत धाडा."

घाटावर म्हणजे जावेच्या घरी. अक्कासाहेबांनी ते ऐकिले आणि पदर कमरेस खोचून म्हणाल्या, "जावेकडं हवा कोरडी असेल, पण बोलणंही कोरडंच आहे हो! आणि तिथं खाडी कुठं दिसायची? मी नाही जायची, हैबती. सांगून ठेवते." सरकार हैबतराव मोठे रुबाबाचे पुरुष, परंतु अक्कांपुढे त्यांचा हैबतीच होत असे. त्यांचे डोळे भरोन आले, आणि त्यांनी हुकूम केला की काय वाटेल ते करा, घरातील ओल हुसकून लावा.

मग मसलत बसली. कारभारी निळोपंत यांनी चौकशी करोन आणिली की हवेतील पाणी शोषून घेणारी यंत्रे निघाली आहेत. एक जात खोलीत ठेवावयाच्या डब्यांची, दुसरी जात माळ्यावर बसवून नळकांड्यांनी सर्व घरास पुरणारी. राणीसाहेब म्हणाल्या, "डबे नकोत गं बाई. खोलीखोलीत घरघर, आणि प्रत्येकाचं पाणी ओतत कोण बसणार?" सरकार म्हणाले, थंड हवेचे यंत्र आहेच की. त्यावर अक्कासाहेब उत्तरल्या, "ते गारठवतं रे, आणि गार झालं की आपण बंद करतो. मग भिंती पुन्हा चिकचिक. मला गार नको, सुकं हवं." ऐसे बोलणे होऊन माळ्यावरील यंत्राचा निश्चय जाहला. मग निळोपंतांस हौस आली की सर्वांत मोठे घ्यावे, राज्यास शोभले पाहिजे. तेव्हा दाऊद मिस्त्री, जो यंत्रे बसविण्याचे काम करी, तो डोके खाजवीत म्हणाला, "पंत, हत्ती आणलात तर तो घटकाभर सोंड फिरवणार आणि झोपणार. घराच्या मापाचं घ्या, सावकाश का होईना पण चालत राहील, तेच पाणी ओढतं." मग घराचे माप घेतले, छते किती उंच ते पाहिले, आणि ओलीचा जोर मोजिला, आणि बेताचे यंत्र मागविले. दारी आले तेव्हा राणीसाहेबांनी त्यास कुंकू लाविले, आणि अक्कासाहेबांनी नाव ठेविले ओलखाऊ.

अक्कासाहेबांस त्या यंत्राचे भारी कुतूहल. खुर्ची टाकून माळ्याच्या शिडीखाली बसत आणि पुसत, "हे खातं काय? पचवतं कसं? पाणी जातं कुठं?" दाऊद सांगे की आत गार नळ्या आहेत, ताकाच्या गार तांब्यास बाहेरून पाझर सुटतो तैसे हवेतील पाणी त्यांस लागते आणि खाली गळते, मग सुकी हवा घरात, आणि पाणी पाईपातून बाहेर केळीस. अक्कासाहेब म्हणाल्या, "म्हणजे माझ्या छातीतलं पाणी केळीला!" आणि खळखळून हसल्या, आणि हसता हसता खोकल्या. मग यंत्र रबराच्या पायांवर बसविले, नळकांडी खोलीखोलीत नेली, आणि दिवाणखान्यात ओल दाखविणारी काट्याची तबकडी लाविली. एक चूक मात्र जाहली. पाईपास उतार द्यावयाचा राहिला. पाणी केळीकडे न जाता माघारी फिरले, आणि खाली निळोपंत हिशेब समजावीत उभे होते त्यांच्या नेमके टाळूवर पडो लागले. पंत वर पाहते जाहले, तो पाणी तोंडात पडले. राज्य हसले. दाऊदने जीभ चावली, पाईप तिरका केला, आणि पाणी वाटेस लागले.

परंतु नवल ऐसे की ओल हटेना. दिवसभर यंत्र चाले, केळी न्हाऊन निघे, काटा ऐंशीवरोन पंचावन्नावर येई, आणि सायंकाळी पाहावे तो पुन्हा ऐंशी. मग रात्रभर अक्कासाहेबांचा श्वास वाजे. भाद्रपद लागला, गौरी आल्या, गौरी गेल्या, घटस्थापना जवळ आली. दाऊदने यंत्र खोलिले, चाळणी धुतली, आणि शपथेवर सांगितले की यंत्रात खोट नाही. निळोपंत म्हणाले, "खोट खाडीत आहे. भरती आली की ओल चढते. भरतीपुढं यंत्र काय करणार?" सर्वांस पटले. सरकारांनी जड मनाने जावेस फोन लाविला, आणि अक्कासाहेबांनी तो पलीकडील खोलीतून ऐकिला.

त्यांनी त्रागा केला नाही. ट्रंक काढिली, दोन लुगडी घातली, दोन परत काढिली, आणि मनात म्हणों लागल्या की जायचे तर जाऊ, पण काटा का चढतो एवढे तरी कळू दे. मग तबकडीपुढे खुर्ची घेऊन बसल्या. खाडीची भरती त्यांच्या अंगवळणी पडलेली. एक दिवस पाहिले, दुसरा दिवस पाहिला, आणि निळोपंतांस बोलावून म्हणाल्या, "पंत, भरती रोज पाऊण तास पुढं सरकते की नाही? काल ओहोटी होती, तरी काटा चढलाच. रोज दिवेलागणीलाच चढतो. खाडीला काय घड्याळ आहे?" पंत पंचांग उघडून भरतीच्या वेळा पाहू लागले. तितक्यात सांज जाहली, आणि अक्कासाहेब नित्यनेमे उठल्या, देवापुढे निरांजन लाविले, आणि लक्ष्मी घरात यावी म्हणोन घरातील यच्चावत दारे-खिडक्या उघडीत निघाल्या. आईने घालून दिलेली रीत, कधी चुकली नाही. परसदार उघडिले, माजघराच्या खिडक्या उघडिल्या, पुढील दारास लाथ घालोन तेही उघडिले. आणि निरांजन घेऊन तबकडीपाशी आल्या तो खाडीवरील वारा आला, ज्योत आडवी जाहली, आणि डोळ्यांदेखत काटा हळूहळू वर सरकू लागला. अक्कासाहेब मटकन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अगंबाई! ही तर मीच की! दिवसभर ते बिचारं खातंय, आणि तिन्हीसांजेला मी अख्खी खाडी घरात बोलावतेय."

सरकार धावत आले, हर्षभरित जाहले, आणि म्हणाले की उद्यापासून दारे बंद. परंतु अक्कासाहेबांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आणि ती दारात येऊन परत गेली म्हणजे?" हैबतराव म्हणाले, "अक्का, तू राहिलीस म्हणजे लक्ष्मी राहिली." तो त्यांनी झिडकारिले, "गोड बोलू नकोस. तू लहानपणापासून असाच." तथापि जीवाशी गाठ. दुसऱ्या सांजेपासून दारे मिटली, वारा खावयाचा तो सकाळी ऊन पडेल तेव्हा घटकाभर खाऊ लागले, आणि काटा पन्नासाशी येऊन गाय बसावी तैसा बसला. पापड कुरकुरीत जाहले. मीठ सुटे जाहले. बाहेर पाऊस धो धो, आणि आत अक्कासाहेबांची छाती गप्प. परंतु रोज दिवा लाविताना मिटल्या दाराकडे त्यांची नजर जाय, आणि आईची आठवण येऊन जीव कासावीस होय.

घटस्थापनेचे दिवशी दुपारी राजवैद्य आले, नळी लाविली, बराच वेळ ऐकिले, आणि म्हणाले, "ट्रंक माळ्यावर टाका." घरात आनंदीआनंद जाहला. निळोपंतांनी जावेस फोन करोन कळविले, आणि तिकडेही आनंदच जाहला असावा.

त्या सांजेस घट बसलेला, दिवा लागलेला, आणि अक्कासाहेब उठोन पुढील दारापाशी गेल्या. लाथेचे काम पडले नाही. बोट लावितांच दार उघडले. सरकार, राणीसाहेब, पंत, सर्व श्वास धरोन उभे, कोणाची अडविण्याची छाती होईना. अक्कासाहेब निरांजन घेऊन उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि बाहेरील अंधाराकडे पाहोन, घरच्या बाईशी बोलावे तैसे बोलिल्या, "ये गं बाई. रागावू नकोस, खिडक्या लावल्यात, माझ्या छातीचं दुखणं तुला ठाऊक आहे. दारातूनच ये. आणि आत आलीस की दार तेवढं लावून घे." मग बाजूस सरोन वाट दिली, आणि पाठ फिरवून देवघराकडे चालू लागल्या. चार पावले गेल्या असतील नसतील, तो मागे खुट्ट जाहले. दार आपसूक लागले.

सर्वांनी आधी एकमेकांकडे पाहिले आणि मग तबकडीकडे. काटा पन्नासावर होता. निळोपंत म्हणों लागले की दार आता सुकले, हलके जाहले, वाऱ्याने लोटले असावे; तो राणीसाहेबांनी त्यांस डोळ्यांनी दाबिले. अक्कासाहेबांनी मागे वळोनही पाहिले नाही. नुसत्या म्हणाल्या, "आली हो," आणि एक दीर्घ श्वास घेतला. तो वाजला नाही.

एवंच काय, तर यंत्र बेताचे घेतले, पाईपास उतार दिला, खिडक्या मिटल्या, दार एकच ठेविले; ओल गेली, लक्ष्मी आली, अक्कासाहेब राहिल्या. जैसे घडले तैसे लिहिले, शाई लगोलग वाळली.