खोपकर सर आणि शंभर टक्के हमी

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात खोपकर सरांनी जेवणाच्या रांगेची चौकशी लावली. रांग केव्हाची थांबली होती. लोक रिकाम्या प्लेटांनी वारा घेत उभे होते. सर शेवटून निघाले, टेबलांच्या दिशेने चालत गेले आणि वाटेत प्रत्येकाला विचारत गेले, "अडतंय कुठं? अहो, अडतंय कुठं?" लोकांना वाटलं केटररचा माणूस असावा. एका काकांनी त्यांच्याकडे चमचा मागितला.

शेवटी कारण सापडलं. जिलेबीच्या टेबलाशी नवरीचे मामा उभे होते आणि प्रत्येक पाहुण्याचा हात धरून "अजून एक, माझी शपथ, अजून एक" करत होते. सर त्यांच्यासमोर उभे राहिले आणि वर्गात बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "तुमचा आग्रह हा या लग्नातला बॉटलनेक आहे. आग्रह तरी करा नायतर जिलेबी तरी वाढा. दोन्ही कामं एका माणसाकडे नकोत."

मामा पुढे बरेच महिने आमच्या घरी आले नाहीत. रांग मात्र सुटली.

खोपकर सर आम्हाला बी.एम.एस.ला, म्हणजे बारावीनंतरच्या व्यवस्थापनाच्या तीन वर्षांच्या पदवीला, ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवायचे. त्यांची व्याख्या पुस्तकात नव्हती. "माल येतो कसा, बनतो कसा, जातो कसा आणि मध्ये सडतो कुठं. बस. बाकी सगळं परीक्षेसाठी." ते राहायचे पेणला, रामवाडीत. कॉलेज रोह्याला. मी वडखळच्या अलीकडच्या खाडीकाठच्या गावातली, त्यामुळे आमची एस.टी. एकच. सर बसमध्ये कधी बसत नसत. ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभे राहायचे आणि हायवेवर चिडायचे. खड्ड्यावर चिडायचे, वळवलेल्या रस्त्यावर चिडायचे, वळवलेला रस्ता पुन्हा मूळ रस्त्यावर आणणाऱ्या बोर्डावर चिडायचे. कंडक्टर म्हणायचा, "सर, तुम्ही उतरलात की गाडी हलकी होते."

पण सगळ्यात मोठा राग कॉलेजवर. कॉलेजचं नाव लिहीत नाही. दुसऱ्यांना कारभार शिकवणाऱ्या त्या कॉलेजला स्वतःचं वेळापत्रक जमत नव्हतं. एकाच खोलीत एकाच वेळी दोन वर्ग लागायचे. दोन शिक्षक दारात उभे राहून "तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या" करायचे. खोपकर सर दोन्ही वर्गांना आत कोंबायचे, बाकावर पाच-पाच जण, आणि फळ्यावर लिहायचे: क्षमता नियोजन. "उदाहरण शोधायला लांब जायला नको. ही खोली बघा."

एकदा कॉलेजने पाहुणे बोलावले. सूट, बूट, कानापासून तोंडापर्यंत आलेला माइक. ते तासभर 'मोठी स्वप्नं बघा' सांगत होते. मागून सर उठले. "तुमच्या गोदामात माल सरासरी किती दिवस पडून असतो?" पाहुणे हसले. म्हणाले, "मी अशा बारीकसारीक गोष्टींत शिरत नाही, मी मोठं चित्र बघतो." सर म्हणाले, "म्हणजे माहीत नाय. बसा." आणि पाहुणे खरोखरच बसले.

पुस्तकात बर्गरच्या दुकानाचं उदाहरण होतं. सरांनी पुस्तक मिटलं. "रोह्यात कोण खातं रे बर्गर? घरत, तू सांग. पावसाच्या आधी तुझी आई घरात काय भरते?"

मी म्हटलं, "सुकी मासळी, सर. बोंबील, जवळा."

"का?"

"पावसात होड्या बंद असतात."

"मग वीस डबे का नाय भरत?"

"वास येतो, सर. आणि जुनं झालं की किडे लागतात."

"कमी भरलं तर?"

"तर आई चिडते."

"हां!" सरांनी टेबलावर हात आपटला. "सेफ्टी स्टॉक! हिच्या आईला येतं आणि तुम्ही पाठ करताय!"

त्या दिवशी घरी जाऊन मी फडताळातले डबे बघत उभी राहिले. माझे बाबा डोलवीला ठेकेदाराकडे कामाला आहेत, आई दहावीच्या अलीकडेच थांबलेली. माझ्या घरातलं काही पुस्तकात असू शकतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. आणि तोवर कोणी माझ्यावर इतक्या गंभीरपणे चिडलंही नव्हतं. घरचे चिडायचे ते यायला उशीर झाला म्हणून. सर चिडायचे ते उत्तर अर्धवट दिलं म्हणून. या दोन रागांतला फरक मला पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडला.

पदवी मिळाली आणि मी इथल्याच एका कंपनीत डिस्पॅचला लागले. डिस्पॅच म्हणजे ट्रक लावायचे, माल चढवून घ्यायचा, कागद द्यायचे, ट्रक सोडायचे. काम चांगलं आहे. मी मॅनेजर नाही, मॅनेजरच्या मदतनीसाची मदतनीस आहे.

हे आधीच सांगितलं, कारण या वर्षी जूनमध्ये रोहा स्टँडच्या बाहेर एक मोठा फ्लेक्स लागला. त्यावर पदवीदानाच्या झग्यातली मी. खाली माझं नाव, 'बी.एम.एस., प्रथम श्रेणी'. त्याच्या खाली लाल अक्षरांत: 'आमची विद्यार्थिनी आज नामांकित कंपनीत मॅनेजर! शंभर टक्के नोकरीची हमी! प्रवेश सुरू!'

फोटो मीच दिला होता. कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला, भिंतीवर लावायला हवाय म्हणाले. फ्लेक्स बघून मी ऑफिसात फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडले. पलीकडचा क्लार्क शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे मार्केटिंग आहे. तुम्ही शिकलायत ना?"

मला अजून राग येतो. शिकलेय म्हणूनच येतो.

पण आईला राग आला नाही. शेजारच्या काकूला घेऊन ती मुद्दाम एस.टी.ने रोह्याला गेली, फ्लेक्सखाली उभी राहिली, काकूकडून फोटो काढून घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली, "ही माजी पोर." घरी आल्यावर तिला खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा ती तोच फोटो कोणाला तरी दाखवत होती.

मग सरांचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही.

"तू मॅनेजर कधी झालीस?"

"नाय झाले, सर. मी त्यांना सांगितलं, ते ऐकत नायत."

"उद्या एखादी पोर तो बोर्ड बघून येईल. तीन वर्षांनी मला विचारेल, सर, माझी शंभर टक्के कुठंय? काय सांगू तिला?"

"सर, पण वर्ग भरला नाय तर..."

"ते मला ठाऊक आहे."

ते त्यांना ठाऊक होतंच. सर इतकी वर्षं तासिका तत्त्वावर होते. म्हणजे वर्ग भरला तर नोकरी, नाही भरला तर घरी. कायमची जागा काढू, काढू म्हणत कॉलेजने त्यांचे केस पांढरे केले. आणि या वर्षी संस्थेने स्पष्ट सांगितलं होतं, पहिल्या वर्षाला वीस मुलं आली नाहीत तर बी.एम.एस. बंद. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं दुसऱ्या कॉलेजात वळवू. त्या फ्लेक्सने मुलं आली असती तर सगळ्यात आधी वाचले असते ते सरच.

रविवारी सर मला घेऊन रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावात गेले. घरोघर फिरून मुलं आणायचं काम कॉलेजने शिक्षकांवर टाकलं होतं, आणि सरांइतका वाईट विक्रेता मी पाहिलेला नाही. नजीरभाई कुवेतहून सुट्टीवर आले होते. त्यांची मुलगी सना बारावी पास झाली होती. सरबत आलं. नजीरभाई म्हणाले, "सर, आपल्याला जास्त समजत नाय. पण स्टँडवर बोर्ड बघितला, हमी लिवलीय. मग घालतो पोरीला."

झालं काम, असं मला वाटलं. सरांनी ग्लास खाली ठेवला.

"बोर्ड खोटा आहे."

नजीरभाई माझ्याकडे बघायला लागले. बोर्डावरचा चेहरा त्यांच्यासमोर बसला होता.

"ही मॅनेजर नाय. चांगलं काम करते, पण मॅनेजर नाय. हमी कोणी देऊ शकत नाय. जो देतो त्याच्या दारात उभे राहू नका."

"मग शिकवायचं कशाला, सर?"

"कशाला म्हणजे?" आता सरांचा आवाज वर गेला. "ही मुलगी कुठंही कामाला उभी राहिली ना, तर तिथं काय चुकतंय ते तिला दिसेल! आणि दिसल्यावर ती गप्प बसणार नाय! त्याने नोकरी लागेल का असलेली जाईल, ते मला सांगता येत नाय!"

नजीरभाई हसले. "सर, मग तर तिला घरातपण ठेवायची सोय नाय राहणार." मग गंभीर होऊन म्हणाले, "विचार करतो."

दारापर्यंत सना आली. हळूच मला म्हणाली, "तुम्ही खरंच मॅनेजर नाय?"

"नाय."

"मग दिवसभर काय करता?"

मी सांगितलं. मी चपला घालायला लागले तर तिने मला थांबवून आणखी दोन प्रश्न विचारले. सर पायरीवर उभे राहून ऐकत होते आणि न ऐकल्यासारखं दाखवत होते.

पूल ओलांडून आम्ही स्टँडवर आलो. सरांनी दुकानातून कटर घेतला, फळवाल्याचा रिकामा क्रेट फ्लेक्सखाली ठेवला आणि वर चढले. माणसं जमली. स्टँडवरचा कंट्रोलर धावत आला. "ओ सर, कोणाच्या परवानगीने काढताय?"

"खोटं लावताना कोणाची घेतली होती?"

मला वाटलं, सर टराटरा फाडणार. त्यांनी फाडलं नाही. त्यांनी माझ्या फोटोभोवतीने कटर फिरवला, अगदी सावकाश, झग्याच्या कडेकडेने, नाव आणि श्रेणीच्या ओळीखालून सरळ रेघेत. एवढा तुकडा त्यांनी काढून घेतला आणि त्याची गुंडाळी केली. मध्ये भगदाड पडलेला लाल अक्षरांचा फ्लेक्स वाऱ्यावर फडफडत राहिला.

"वडखळची गाडी कुठली?" ते म्हणाले. "तुझ्या आईला भेटायचंय."

आईला बातमी आमच्या आधी पोचली होती. ती ओटीवर कमरेवर हात देऊन उभी.

"तुमी सर हाव म्हनून घरान घेतंय," ती म्हणाली. "अख्खा गाव बगून आला तो बोरड. आता मी लोकांना काय सांगू? पोरीला मॅनेजरवरनं उतरवली?"

 सरांनी चपला काढल्या, गुंडाळी सोडली आणि दोन्ही हातांनी तो तुकडा आईसमोर धरला. माझा चेहरा, नाव, प्रथम श्रेणी.

"वहिनी, एवढंच खरं आहे," ते म्हणाले. "पण हे पूर्ण खरं आहे. हे कोणी येऊन उतरवू शकत नाय. मीपण नाय."

आईने तो तुकडा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यातलं सगळं तिला वाचता येत होतं. मग तिने तो घेतला, पदराने पुसला आणि आत जाऊन चहा ठेवला.

चहा पिताना सरांनी एकदम विचारलं, "ही कॉलेजात होती तेव्हा घरी येऊन माझ्याबद्दल काय बोलायची?"

मी आईला डोळ्यांनी खुणावत होते. आईने बघितलं नाही.

"रोज शिव्या घालायची," ती म्हणाली. "जेवताना सुरू झाली की झोपेपर्यंत. सर असं बोललं नि सर तसं बोललं. आमाला तुमच्यावाचून दुसरा विषयच नव्हता घरान."

सर हसले. मग कप खाली ठेवून विचारलं, "झोपेपर्यंत?"

"व्हय. तुमचे घरान कोन हाय ऐकायला?"

"कोण नाय," सर म्हणाले. "वर्गात असतात पोरं."

वीस मुलं आली नाहीत. नजीरभाईंनी सनाचा फॉर्म भरला होता, सही करून, वेळेत. त्यांनी खरंच विचार केला होता, पण कॉलेजने तिला बी.कॉम.ला ढकललं. बी.एम.एस.ची खोली आता परीक्षेची बाकं ठेवायला वापरतात. सरांना कोणी निरोप दिला नाही. वेळापत्रकात नाव नव्हतं, तोच निरोप.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी, सकाळी, पहिलं लेक्चर सुरू व्हायच्या वेळेला माझा फोन वाजला. मी गेटवर होते.

"ट्रक आले?"

"आले, सर."

"कुठला आधी लावलास? का? मागच्याला काय सांगितलंस? नाय, तसं नाय घरत, नीट बोल, पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. ते चिडले. मी पुन्हा सांगितलं. लेक्चर जेवढा वेळ चालतं तेवढा वेळ हे चाललं, मग पलीकडून "बरं" असा आवाज आला आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही.

परवा फोन वाजला तेव्हा आमच्या साहेबांनी विचारलं, "रोज सकाळी कोणाचा फोन असतो?"

"लेक्चर आहे, साहेब," मी म्हटलं आणि दारामागे जाऊन उचलला.