सुभद्राची बंदूक

आमच्या घरात तुरीचा दाणा कुठंही सापडत असे. माझ्या सदऱ्याच्या खिशात, देव्हाऱ्यात, आईच्या तपकिरीच्या डबीत, एकदा तर पाहुण्याच्या चहात. कारण सुभद्रा, माझी बायको, घरात बंदूक चालवायची.

ती गेल्या उन्हाळ्यात गेली. लोक भेटायला येतात अन् म्हणतात, बाई फार शांत होती. खोटं बोलतात. शांत ती कधीच नव्हती, अन् मेल्यावर मी तिला शांत होऊ देणार नाही. म्हणून हे लिहितो. शाळा मी चौथीतच सोडली. चूक दिसली तर दिसली.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही अकोल्यात जुन्या शहरात राहत होतो, मी कापसाच्या जिनात कामाला होतो. मोर्णा नदीच्या काठी जत्रा भरली, त्यात अचलपूरचा एक फुगेवाला आला. फळीवर ओळीनं फुगे, पुढं छर्ऱ्याची बंदूक. सुभद्रा सकाळीच सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, आधी बोहणी होऊ द्या," तो म्हणाला. "बाईच्या हातानं मी बंदुकीची बोहणी करत नाही."

"पेरणीची मूठ बाईच्या हातानं चालते, अन् फुग्याले इटाळ होते काय?"

बोहणी झाल्यावर दुपारी ती पुन्हा गेली. आता तो म्हणे, बंदूक गरम झाली.

"मंग फुका अन् थंडी करा. मी बसते."

अन् बसली. दुकानाच्या ऐन पुढं, मांडी घालून. तिच्या डोक्यावरून छर्रा कोण मारणार? दिवस मावळेपर्यंत गिऱ्हाईक बंद. शेवटी त्यानं फुगेच उतरवून ठेवले, पण बंदूक काही दिली नाही. एकापेक्षा एक हट्टी.

दुसऱ्या दिवशी ती पत्र्याचे डबे करणाऱ्याकडे गेली अन् त्याच्या मानगुटीवर बसून एक खोका करून आणला. तळहातावर मावेल एवढा. एका टोकाला तारेवर तीन पत्र्याचे पोपट, दुसऱ्या टोकाला स्प्रिंग अन् खिटी. खिटीत तुरीचा दाणा ठेवायचा, ओढायची, सोडायची. दाणा लागला की पोपट उलटा लटकायचा. ही जत्रा ती पिशवीत घालून कमरेला बांधूनच फिरायची. तव्यावर भाकरी शेकेपर्यंत एक डाव. चुकला तर म्हणायची, "नेम बरोबर होता, पोपट हालला."

आई म्हणायची, "सून आणली का फौजदार?"

"आत्याबाई, जरा बाजूले सरका. पोपटावर सावली पडली."

आणि गंमत अशी, की आई सरकायची.

पुढच्या जत्रेच्या आधी माझा डावा डोळा गेला. जिनात कापसाची गठाण बांधताना लोखंडी पट्टी सुटली ती सरळ डोळ्यावर आली. दवाखान्यातली पट्टी निघाली तरी मी घराबाहेर निघेना. गल्लीत लोक काणा म्हणू लागले होते. जिनातून निरोप आला, यायचं असेल तर या, नाहीतर दुसरा माणूस घेतो. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो.

सुभद्रानं मला समजावलं नाही. समजावणं तिला येतच नव्हतं. जत्रा भरली तशी तिनं माझं धोतर अन् टोपी आणून अंगावर टाकली. "चला."

"मी नाही येत. लोक पाहतीन."

"पाहू द्या. त्यायले दोन-दोन डोळे कायले देले मंग?"

फुगेवाला तोच होता. तिला पाहून त्यानं कपाळाला हात लावला. मग निमूटपणे बंदुकीत छर्रा भरला. "एकच हां बाई. अन् माह्या दुकानापुढं बसाचं नाही."

सालभर ती याचसाठी पत्र्याचे पोपट पाडत होती. तिनं बंदूक खांद्याला लावली, लाकडावरून एकदा हात फिरवला, अन् माझ्या हातात दिली.

"मले कायले? मले एकच डोळा आहे."

"नेम धराले दुसरा मिटाच लागते. तुमची तेवढी मेहनत वाचली."

गर्दी हसली. मी उडवली. छर्रा फळीत गेला, फुगे जागच्या जागी.

मागून एक जण म्हणाला, "अरे काण्या, फळीले लागला."

सुभद्रा वळली. "त्यायले फळी तरी दिसली. तू मार आता."

त्यानं मारली. दोन डोळे उघडे ठेवून त्याचा छर्रा फळीच्याही वरून गेला.

घरी येताना पुलावर मी विचारलं, "तुही पाळी काहून घालवली?"

"माही पाळी कुठी जाते? पुढच्या साली फोडीन. तुमी उद्या जिनात जाता."

ती विचारत नव्हती, सांगत होती. मी गेलो.

तो फुगेवाला पुन्हा आमच्या जत्रेत आला नाही.