तात्यांची बरी किडं

उत्रोलीच्या दगडूतात्यांना कुणी नुसतं "बरं हाय का?" विचारलं, तरी ते पिशवीतून ताकाची किटली काढत. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी तिथं शाळामास्तर होतो, त्यांच्या शेजारीच राहायचो. माझी सर्दी, पाटलांची पाठ, एसटीच्या कंडक्टरची चिडचिड, सगळ्यावर एकच औषध.

एकदा जुलाब झाले तेव्हा भोरच्या डॉक्टरांनी त्यांना गोळ्यांबरोबर एक पुडी दिली. यात दह्यातल्यासारखे चांगले जंतू आहेत, म्हणाले. तेव्हापासून तात्यांना चेवच चढला. "मास्तर, बरी किडं पोटात गेली की वाईट किडं पळत्यात," असं उभ्या उभ्या सांगून ते पुढच्या घराकडं निघत. स्वतः दिवसाला आठ तांबे ताक पीत. पोट नगाऱ्यासारखं फुगे. भजनात शेजारचे दोघं जरा सरकूनच बसत. "आत भांडणं चाललीत त्यांची," तात्या समजावत.

पलीकडच्या आळीत सखूबाई एकट्या राहायच्या. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं अंगावर सूज, जालीम औषधं चालू. तात्यांनी त्यांना दिवसातून तीन वेळा आंबट ताक पाजायला सुरुवात केली, वर भोरहून त्याच पुड्या आणून दिल्या. पंधरवड्यानं सखूबाईंना थंडी वाजून ताप चढला. आम्ही दोघांनी त्यांना बैलगाडीतून भोरच्या दवाखान्यात नेलं.

तात्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "ताप त्यानंच आला, असं मी म्हणत नाही. पण यांच्या औषधांनी अंगाची राखण कमी झालीय. अशा माणसाला चांगले जंतूही बाधू शकतात. विचारल्याशिवाय काही देऊ नका."

चार दिवस तात्या दवाखान्याच्या ओट्यावर बसत, उठत, फाटकापर्यंत जात, परत येत. "म्या मारली का वो तिला, मास्तर?"

पाचव्या दिवशी सखूबाईंचा ताप उतरला.

परतताना मी विचारलं, "तात्या, एवढं ताक करता तरी कशाला?"

ते म्हणाले, "आमची मंडळी गेली, म्हशीचं दूध उराया लागलं. ताक घिऊन गेलं की लोक 'या, बसा' म्हणत्यात. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात काय म्हणून जाऊ?"

"उद्या सकाळी माझ्याकडं चहाला या. काही आणू नका."

तात्या आले. हातांचं काय करावं ते न कळून उंबऱ्याबाहेरच थांबले.

"या, बसा," मी म्हणालो.

तरी ते बराच वेळ उभेच होते.