गोविंदकाका पान टाकत नाहीत

हरलेली सुपारी समोरच्याकडे सरकवताना गोविंदकाका दोन्ही हात जोडतात आणि 'पुनरागमनाय च' म्हणतात. पूजा आटोपली की देवाला निरोप देताना म्हणायचे हे शब्द: जा, पण परत ये. सुपारीला ते म्हणायला तशी हरकत नाही, कारण त्यांतल्या बऱ्याचशा सकाळीच कुणाच्या तरी पूजेत गणपती म्हणून बसून आलेल्या असतात. काका संस्कृत पाठशाळेतून रिटायर झाले, तरी या हिंदी मुलखात दुर्गाघाटावरची मराठी घरं अजून त्यांनाच पूजेला बोलावतात, आणि तिथली सुपारी रविवारी दुपारी आमच्या घरी पत्त्यांच्या डावात उतरते. पैसे लावायचे नाहीत ही काकांची अट. "जुगार नको. शास्त्र पाहिजे."

शास्त्राचं नाव ओमाहा पोकर. ते आमच्या घरात माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं आणलं. प्रत्येकाला चार पानं मिळतात आणि मधे पाच उघडी पडतात. हातातली दोनच आणि मधली तीनच घेऊन डाव लावायचा, आणि बोली मधे जमलेल्या सुपारीच्या ढिगापेक्षा मोठी करायची नाही. सगळी अक्कल लागते ती सुरुवातीलाच: मिळालेली चार पानं खेळायची, की टाकून त्या डावातून बाहेर पडायचं. काकू गेल्यानंतर आम्ही काकांना दुपारचं बोलवायला लागलो तेव्हा त्यांना पत्त्यांतलं मेंढीकोटापलीकडे काही येत नव्हतं. मग महिनाभर त्यांनी कानात बोंडं घालून मोबाइलवर कुठल्या कुठल्या गोऱ्या पोरांचे व्हिडिओ पाहिले, आणि आले ते गुरुजी होऊनच.

"चौघांत रिश्तेदारी आहे का, ते बघ," हा त्यांचा पहिला धडा. दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, त्यांत दोन बदाम आणि दोन इस्पिक, हे एका घरातलं कुटुंब, बिनधास्त खेळावं. मला एकदा दोन एक्के आले तेव्हा मी हरखून मूठभर सुपारी पुढे केली. काकांनी डाव संपल्यावर माझी पानं उलटी करून बघितली. एक्क्यांच्या बरोबर एक नव्वी होती, एक तिर्री होती, आणि कुणाचा रंग कुणाशी जुळत नव्हता. "जोडी बघून भुललीस," काका म्हणाले. "आणि हे दोघं? हे काय वऱ्हाडात फुकट जेवायला आलेत?"

मी बँकेत कर्जविभागात आहे. नाही म्हणण्याचाच मला पगार मिळतो, त्यामुळे हे शास्त्र माझ्या अंगी चटकन मुरलं. मी पानं टाकायला लागले आणि जिंकायलाही लागले. खालच्या मजल्यावरचे साडीवाले तिवारीजी आमचे चौथे गडी, तेसुद्धा सुधारले. सुधारले नाहीत ते एकटे काका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! राजा, सत्ती, पंजी, दुर्री, चार दिशांचे चार भिकारी हातात आले तरी हा माणूस खेळणारच. आणि नुसता खेळणार नाही, बोलत खेळणार. "आली बघ चौकटची राणी, नथ घालायची विसरून आली. हा गुलाम कुणाचा? कुणाचाच नाही, बिचारा घाटावर भटकून राहिलाय." शेवटी हरणार, हात जोडणार, पुनरागमनाय च.

दर रविवारी पिशवी रिकामी करून ते घरी जात. मला ते बघवेना. सुधारण्याची संधी दिसली की सोडायची नाही हा माझा स्वभाव, घरचे त्याला दुसरं नाव देतात. मी म्हटलं, काका, पुढच्या रविवारपासून तुम्ही तुमच्याच नियमांनी खेळायचं. रिश्तेदारी नसेल तर पान टाकायचं. शिष्येनं गुरूला शब्दात पकडलं होतं. काका "बरं" म्हणाले.

आता इथे त्यांचाच आणखी एक नियम सांगायला हवा. पान टाकलेल्यानं डाव संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाहेर पडलेल्या माणसाच्या बोलण्यानं खेळणाऱ्याचा डाव बिघडतो, आणि हा नियम त्यांनी आम्हाला कडकपणे लावला होता. तो त्यांनी स्वतःलाही लावला. त्या रविवारी काकांनी पानं बघितली, टाकली आणि हात मांडीवर ठेवून बसले. पुन्हा बघितली, पुन्हा टाकली. ते गप्प झाले तशी आमची भाषा तिवारीजींसाठी आपोआप हिंदीवर गेली, ते आमच्याही लक्षात आलं नाही. अधूनमधून चांगली पानं आली तेवढी ते खेळले आणि जिंकले. जाताना पिशवी इतकी भरली होती की तोंड बांधता येईना. मी खूश होते. असे तीन-चार रविवार गेले आणि मग एका रविवारी काका आलेच नाहीत.

तिवारीजी म्हणाले, "तबीयत देख आइए." मी त्यांच्या गल्लीत गेले. जिना चढताना वरून काकांचा आवाज आला, तोही मराठीत, अगदी रंगात येऊन. मला वाटलं, पाहुणे आलेत. दार लोटलेलं होतं.

आत चटईवर काका एकटेच होते. चार जागी चार-चार पानं वाटलेली, मधे पाच उघडी आणि त्यांच्याभोवती सुपारी. सुधीरच्या जागेशी वाद चालला होता, माझ्या जागेला लोभी म्हणून झालं होतं. एकाही जागेची पानं टाकलेली नव्हती.

मला बघून ते ओशाळले. प्रॅक्टिस करत होतो, म्हणाले. मी तब्येतीचं विचारलं. तब्येत ठीक होती. मग ते पानं गोळा करता करता म्हणाले, "दिवसभर हिंदीच चालते गं. दूधवाला, दवाखाना, घाटावरचे सगळे. मराठीत बोलायला ती होती. पूजेत मंत्र म्हणतो, पण मंत्र काही कुणाशी बोलणं नाही." पत्ते नीट जुळवून त्यांनी हातात धरले. "तुझा हिशोब बरोबर आहे. पान टाकलं की फायदाच होतो. पण टाकल्यावर बसायचं कसं, ते त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही."

मी चटईवर माझ्या जागेवर बसले. "वाटा," म्हटलं.

काकांनी वाटली. मी उचलून बघितली. राजा, अठ्ठी, तिर्री, दुर्री, चार रंगांची चार. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी वर मान करूनही बघितलं नसतं.

"रिश्तेदारी आहे का?" काकांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग?"

"मग काय? खेळते."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मधली पहिली पानं उलटली. "आला बघ किल्वरचा एक्का," ते म्हणाले, "एकटाच आलाय, बायकामुलं गावी ठेवून." मग ते जे बोलायला लागले ते दिवेलागणीपर्यंत. मी प्रत्येक डाव खेळले आणि जवळजवळ प्रत्येक हरले. त्यांनीच उसनी दिलेली सुपारी संपली तेव्हा शेवटची त्यांच्याकडे सरकवून मी हात जोडले.

"पुनरागमनाय च," काका म्हणाले.

खरं तर ते हरणाऱ्यानं म्हणायचं. आणि त्यांची नजर सुपारीवर नव्हती, माझ्यावर होती.