बिनकॉफीची कोल्ड कॉफी

माणसाला त्याच्या मनासारखे मिळाले की तो सुखी होतो, हा सिद्धान्त जळगावात भर वैशाखात, पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना सिद्ध झालेला आहे. तो सिद्ध करण्याची जबाबदारी स्टेशन रोडवरच्या 'हिमगौरी कोल्ड्रिंक हाऊस'चे मालक चुडामण यांच्यावर येऊन पडली. त्यांनी ती मागितली नव्हती.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात चुडामण मेव्हण्याच्या लग्नाला पुण्याला गेले आणि तिथे ते आयुष्यातली पहिली कोल्ड कॉफी प्याले. त्यानंतर ते लग्नात कोणाशी बोलले नाहीत. परतीच्या गाडीतही बोलले नाहीत. पाचोरा गेल्यावर बायकोला, प्रमिलाबाईंना, एवढेच म्हणाले, "कडू होती गं. पण काय कडू होती!" घरी येताच त्यांनी लस्सीची रवी माळ्यावर टाकली आणि मिक्सर आणला.

चुडामणांची कॉफी खरोखर चांगली होती. पूड कोमट पाण्यात फेस येईपर्यंत घोटायची, मग थंडगार दूध, बेताची साखर, ठेचलेला बर्फ. तरीही पहिला आठवडाभर ती फक्त दोन माणसे पीत होती. एक चुडामण आणि दुसरी त्यांची मुलगी कोकिळा. ती बी. एस्सी. होऊन एका डेअरीत दुधातली फॅट तपासायची आणि संध्याकाळी दुकानात येऊन बापासोबत एक ग्लास संपवायची. बाकी गिऱ्हाईक पहिल्या घोटालाच ग्लास खाली ठेवायचे. "भाऊ, दूध लागलं वाटतं खाली," अशी सहानुभूतीही दाखवायचे.

तेव्हा चुडामणांनी पाटी लावली : 'कोल्ड कॉफी ग्राहकांच्या आवडीप्रमाणे करून मिळेल.'

या पाटीने जळगावच्या सार्वजनिक जीवनात जी क्रांती झाली, तिची दखल कोणी घेतली नाही, म्हणून इथे घेतो आहोत. दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जण कॉफीत सुधारणा सुचवू लागले. (दहावा सुट्टे मागायला आलेला असे.) सावद्याचे केळीचे व्यापारी तोतारामशेठ यांनी पिशवीतून स्वतःची दोन केळी काढून दिली, "हे टाका, अन् कॉफी जरा हात आखडून." भागाबाईंना चतुर्थीला कॉफी चालत होती, परंतु सब्जा घातला तरच. एका वकिलांनी वर शेव मागितली, कारण पेयात कुरकुरीतपणा नव्हता.

आवडीनुसार चव कशी बदलते, याचा चुडामणांनी या काळात सखोल अभ्यास केला. साखरेच्या दुसऱ्या चमच्याने कडवटपणा दबतो, तिसऱ्याने कॉफी दबते आणि पाचव्याने गिऱ्हाईक दबते. गुलाबाचे सरबत घातल्यास कॉफीला लग्नघराचा वास येतो. केळ्याने तिला भारदस्तपणा येतो. ती ग्लासातून उतरत नाही, तिला उतरवावे लागते. वेलदोडा, जायफळ आणि केशर एकत्र घातल्यास कॉफी स्वतःहून निघून जाते.

कळस केला तो कोर्टातून निवृत्त झालेल्या पुनानानांनी. घसा बसतो म्हणून त्यांनी बर्फ काढायला लावला. झोप उडते म्हणून पूड काढायला लावली. थंड दूध पोटात गुडगुडते म्हणून ते तापवायला लावले. मग उंच ग्लासात नळी घालून ते गरम दूध फुंकर मारमारून प्याले आणि मिशा पुसत म्हणाले, "चुडामण, अशी कोल्ड कॉफी पुण्यालासुद्धा मिळत नसेल."

हे खरेच होते.

दुकान तुफान चालू लागले. चुडामण मात्र रोज थोडे थोडे खचत होते. "गर्दी बघा, अन् तुमचं तोंड बघा," प्रमिलाबाई म्हणायच्या. ते सांगायचे, "कॉफी विकतोय म्हणून पाटी लावलीय आणि दिवसभर कॉफी काढतोय."

अशात कोकिळेला पाहायला धुळ्याची मंडळी आली. घरात कूलर बंद पडलेला, म्हणून बघण्याचा कार्यक्रम दुकानातच ठेवला. मुलगा मोतीलाल, बँकेत नोकरीला. सोबत वडील उखर्डूआबा आणि मुलाची आत्या, म्हणजे फुई, यशोदाबाई. मुलगा पाच वर्षांचा असताना त्याची आई गेली. तेव्हापासून त्याच्या वतीने सगळे फुईच बोलत. त्यामुळे त्याला बोलायची सवय राहिलेली नव्हती.

मंडळींनी पाटी वाचली. पंखा फिरत होता. चुडामण मिक्सरपाशी उभे राहिले आणि एकाच वेळी दोन गोष्टींच्या फर्माइशी सुरू झाल्या.

"पोर शिकेल शे, ते बेस शे," उखर्डूआबा अहिराणीत म्हणाले. "पन घरमा शिकेल दिखाले नको. अन् मन्हा ग्लासमा बरफ कमी."

"नोकरी चांगली शे," फुई म्हणाल्या. "लगीननंतर सोडी दी, ते आखो चांगलं. साखर जास्त टाका. बोलनं जरासं कमी पाहिजे. नाव बदलनं पडी, आमना घरमा एक कोकिळा शे."

मिक्सरच्या आवाजात चुडामणांना अर्धे ऐकू येत होते आणि अर्धे नको असून ऐकू येत होते. त्यांनी मान वर करून अत्यंत आदराने विचारले, "फुई, कमी काय म्हणालात? साखर की बोलणं?"

"बोलनं!"

"बरं. साखर राहू देतो."

मोतीलालची कॉफी त्याच्या वतीने ठरली. त्याला लवकर सर्दी होते म्हणून बर्फ नको. डोके चढते म्हणून पूड नको. आबांच्या मते त्यात केळे हवे होते, फुईंच्या मते बदाम. ग्लास समोर आला. मोतीलालने तो दोन्ही हातांनी धरला आणि नळी तोंडात घालून बराच वेळ ओढली. केळे मध्ये अडकले होते.

"तू काय घेशील?" प्रमिलाबाईंनी मुलीला रीतीप्रमाणे विचारले.

"आहे तशी," कोकिळा म्हणाली.

ती शांतपणे पिऊ लागली. मोतीलाल तिच्या ग्लासाकडे बघत राहिला. त्याचा पांढरा होता, तिचा तपकिरी. शेवटी त्याने त्या दिवसातले पहिले वाक्य उच्चारले.

"तुम्ही काय घेतलंय?"

"कॉफी."

"मग हे काय आहे?"

"तुमची आवड."

तो आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसला. फुईंनी दचकून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. एवढ्यात कोकिळेने बापाला खूण केली आणि चुडामणांनी एक साधा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. मोतीलालने घोट घेतला. त्याचे तोंड वाकडे झाले, डोळे मिटले, कान हलले.

"कडू आहे," तो म्हणाला.

"हो."

त्याने अख्खा ग्लास संपवला.

आबांनी घसा खाकरून निकाल जाहीर केला. मुलगी पसंत होती, वर सांगितलेल्या दुरुस्त्यांसह. मग जुन्या रीतीला नवे वळण म्हणून त्यांनी मुलीलाही विचारले, "तुले काय वाटस, बेटा?"

कोकिळेने नळी बाजूला ठेवली. "मुलगा पसंत आहे, आबा. फक्त फुई जरा कमी टाका."

चुडामणांना हसू आवरेना, म्हणून त्यांनी रिकामा मिक्सर चालू केला. फुई उठल्या. पदर खोचला. "मी का साखर शे?" एवढे म्हणून ताडताड स्टँडकडे निघाल्या. मागे आबा, आबांच्या मागे मोतीलाल. वळणावर मोतीलालने दोनदा मागे पाहिले. प्रमिलाबाई कपाळाला हात लावून बसल्या. चुडामण मिक्सर बंद करायचे विसरले.

पुढच्या रविवारी धुळ्याच्या गाडीने मोतीलाल एकटाच आला. "आहे तशी," म्हणाला आणि तोंड वाकडे करून प्याला. त्याच्या पुढच्या रविवारी तोंड थोडे कमी वाकडे झाले. दिवाळीनंतर लग्न लागले. नाव बदलले नाही, नोकरी सुटली नाही. फुईही कमी झाल्या नाहीत. मांडवात सर्वांत पुढे त्याच होत्या, आणि सून घरात एवढी बोलते की आपल्याला जरा विसावा मिळतो, असे त्या पुढे शेजारणींना कौतुकाने सांगू लागल्या.

आता वाचकांविषयी. कोकिळा दिसायला कशी होती, हे इथवर कुठेही सांगितलेले नाही. तरीही तुम्ही तिचा रंग, बांधा आणि केसांची लांबी केव्हाच ठरवून टाकलेली आहे. तर नोंद असावी : ती सावळी होती, अंगाने भरलेली होती, जाड भिंगांचा चष्मा लावायची आणि उंचीने मोतीलालपेक्षा चार बोटे जास्त होती.

यातले काय कमी करू, बोला.